चित्रांचं पुस्तक विकत घेण्याआधी: कला, छायाचित्रं आणि जुन्या ग्लॅमरच्या ग्रंथांकडे वळणाऱ्यांसाठी

चित्रांचं जाडजूड पुस्तक हाती आलं की बहुतेक जण ते मागून पुढे चाळतात, दोन-चार पानांवर थबकतात आणि ‘छान आहे’ म्हणून मिटतात. त्यात वावगं काही नाही. पण असं पुस्तक विकत घ्यायचं मनात असेल तर थोडी तयारी हवी. ही पुस्तकं महाग असतात, जड असतात, कपाटात जागा अडवतात. शिवाय तीच चित्रं मोबाइलवर फुकट दिसतात, मग पुस्तक घ्यायचंच कशाला, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. माझं उत्तर असं: चांगल्या पुस्तकात विचार करून केलेली छपाई मिळते, विचार करून लावलेला क्रम मिळतो, आणि हे चित्र कोणी, कधी, कशासाठी केलं याची भरवशाची माहिती मिळते. यातलं एकही धड नसेल तर ते पुस्तक कितीही देखणं असलं तरी घेऊ नये.

पहिली पायरी: पुस्तक कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

दुकानात एकाच फळीवर ठेवलेली ही पुस्तकं मुळात वेगवेगळ्या कामांसाठी काढलेली असतात. एखाद्या कालखंडाचा किंवा विषयाचा आढावा घेणारं पुस्तक, एकाच कलाकारावरचा ग्रंथ, प्रदर्शनाचा कॅटलॉग, कलाकाराच्या सगळ्या कामांची क्रमवार नोंद करणारी समग्र सूची आणि फोटोबुक, अशा ढोबळ जाती सांगता येतील. समग्र सूची अभ्यासकांसाठी आणि लिलाव करणाऱ्यांसाठी असते. नवख्या माणसाला तिचा उपयोग जवळजवळ शून्य. प्रदर्शनाचा कॅटलॉग मात्र कमी लेखू नका. मूळ कृतीचं मोजमाप, माध्यम, ती आज कोणाकडे आहे, आधी कोणाकडे होती, ही माहिती त्यात नेटकी मिळते, आणि लेख लिहिणारी माणसं त्या विषयात मुरलेली असतात.

फोटोबुक वेगळं पडतं. त्यात छायाचित्रकारानं पुस्तक हीच आपली कृती मानलेली असते. भिंतीवर टांगलेल्या चित्रांची नक्कल म्हणून ते काढलेलं नसतं. छायाचित्रण आणि पुस्तक यांचं नातं तसं पहिल्यापासूनचं आहे. डागेरोटाइपची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर छायाचित्र उमटवण्याच्या सुरुवातीच्या पद्धतीची, घोषणा १८३९ सालची. १८४३ मध्ये ॲना ॲटकिन्स या इंग्लिश वनस्पतिअभ्यासक बाईंनी शेवाळांच्या निळ्या सायनोटाइप छापांचं पुस्तक भागाभागानं काढायला सुरुवात केली. १८४४ ते १८४६ या काळात हेन्री फॉक्स टॅलबॉटचं ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ सहा भागांत विक्रीला आलं. त्यातली २४ छायाचित्रं प्रत्येक प्रतीत हातानं चिकटवलेली होती, कारण छायाचित्र शाईनं छापायचं सोयीचं तंत्र तेव्हा नव्हतंच.

सुरुवात कुठून करायची? एक आढावा, एका कलाकाराचा ग्रंथ आणि एक फोटोबुक. तिन्ही एकाच धाग्यातली घ्या. व्यक्तिचित्रण हा धागा धरलात तर तिन्हींत माणसांचे चेहरेच पाहायला मिळतील आणि तुलना आपोआप होईल. कलेच्या आढाव्यासाठी १९५० साली फायडननं काढलेलं गोम्ब्रिक यांचं ‘द स्टोरी ऑफ आर्ट’ आजही चांगलं आहे. त्यामागचं कारण नवख्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. ज्या कृतीचं चित्र पुस्तकात दाखवता येणार नाही तिच्याबद्दल लांबण लावायची नाही, असा नियम लेखकानं स्वतःला घालून घेतला होता. मजकूर वाचताना चित्र समोर हवं, ही अट तुम्हीही कोणत्याही कलाग्रंथाला घालू शकता.

दुसरी पायरी: आधी फुकट पाहा

ग्रंथालयात बसून, किंवा संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाची शेकडो जुनी प्रकाशनं पूर्ण वाचायला खुली आहेत. लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेनंही तसंच केलं आहे. न्यूयॉर्कच्याच मॉडर्न आर्ट संग्रहालयानं आपले जुने, छपाई संपलेले कॅटलॉग प्रदर्शनांच्या इतिहासासकट ऑनलाइन ठेवले आहेत. जुन्या हॉलिवूडचं वेड असेल तर मीडिया हिस्ट्री डिजिटल लायब्ररीत ‘फोटोप्ले’सारखी सिनेमासिकं पानापानानं पाहता येतात. त्यात तासन्‌तास जातात, हे आधीच सांगून ठेवतो.

पडद्यावर पाहण्याचा हेतू एकच: आपला कल कळावा. कोणती चित्रं पुन्हा पुन्हा उघडावीशी वाटतात याची एक यादी करा आणि ती महिनाभर बाजूला ठेवा. महिन्यानंतरही जी नावं हवीशी वाटतील त्यांची पुस्तकं शोधा.

तिसरी पायरी: भिंग घ्या आणि छपाई पाहायला शिका

माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. ते पानावर टेकवा आणि डोळा जवळ न्या.

बहुतेक आधुनिक पुस्तकं ऑफसेटवर छापलेली असतात, म्हणजे शाई आधी रबरी आवरणावर आणि तिथून कागदावर उतरते. रंगीत चित्रात तुम्हाला चार रंगांचे बारीक ठिपके दिसतील: निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा. ते एकमेकांत गुंफून फुलासारखी नक्षी करतात. ठिपके एकमेकांवर नीट बसलेले नसतील तर कडांना रंगीत झालर दिसते. तेवढी एक खूण दिसली तरी प्रत परत ठेवावी.

कृष्णधवल छायाचित्रांत खरी परीक्षा असते. नुसत्या काळ्या शाईनं छापलेलं चित्र कोरडं, करडं वाटतं. एका शाईला पेलवणाऱ्या छटा मोजक्याच. म्हणून चांगले प्रकाशक काळ्याबरोबर एक करडी किंवा उबदार तपकिरी शाई वापरतात. याला ड्युओटोन म्हणतात. तीन शाया असतील तर ट्रायटोन. भिंगाखाली दोन वेगळ्या छटांचे ठिपके दिसले की ओळखावं. काही पुस्तकांत कृष्णधवल चित्रंही चार रंगांच्या ठिपक्यांनी छापतात. जुन्या प्रिंटचा पिवळट रंग जसाच्या तसा आणायचा असेल तर त्याला कारण आहे. पण यंत्रावर जरा हयगय झाली की एका पानावर चेहरा गुलाबी आणि पुढच्या पानावर हिरवट होतो. सलग दहा पानं उलटून पाहा, लगेच कळेल.

आणि मग ग्रॅव्ह्यूर. या पद्धतीत शाई धातूच्या पत्र्यातल्या कमी-जास्त खोल खाचांत भरते आणि तिथून कागदावर उतरते. जिथं खाच खोल तिथं शाईचा थर जाड. म्हणून काळा रंग मखमली दिसतो आणि करड्या छटा एकमेकींत विरघळतात. कारेल क्लिच यानं १८७९ च्या सुमारास फोटोग्रॅव्ह्यूरचं रूप सिद्ध केलं. आल्फ्रेड स्टीग्लिट्झच्या ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकानं १९०३ ते १९१७ या काळात, ५० अंकांत, याच पद्धतीनं अप्रतिम छापे दिले. १९५२ साली आलेलं आंरी कार्तिए-ब्रेसाँचं ‘इमाज आ ला सोव्हेत’ हेही ग्रॅव्ह्यूरमध्ये छापलेलं. त्याचं मुखपृष्ठ आंरी मातिसनं केलं होतं. २०१४ मध्ये श्टाइडलनं त्याची हुबेहूब नवी आवृत्ती काढली, ती ऑफसेटवर. दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहायची संधी मिळाली तर सोडू नका. नवी प्रत अधिक धारदार दिसते, जुनी अधिक खोल. मला जुनी आवडते, पण नव्या प्रतीला नावं ठेवण्यासारखं काही नाही.

भिंग बाजूला ठेवल्यावर दोन गोष्टी नुसत्या डोळ्यांनी तपासा. काळ्या कोटाच्या घड्या दिसतात का? पांढऱ्या झग्याची शिवण दिसते का? दोन्हीकडे उत्तर ‘नाही’ असेल तर मूळ छायाचित्रातला अर्धा तपशील छपाईत गेला असं समजा. आणि पानांवर बारीक जाळीदार लहरी दिसल्या तर ते चित्र मूळ प्रिंटवरून घेतलेलंच नाही. दुसऱ्या कुठल्या पुस्तकातलं किंवा मासिकातलं छापील पान स्कॅन करून पुन्हा छापलंय. ग्लॅमरच्या स्वस्त संकलनांत हा प्रकार फार.

कागदाबद्दल थोडक्यात: चकचकीत आर्ट पेपरवर काळा रंग गडद उठतो, पण दिव्याचं प्रतिबिंब पडून डोळ्यांना त्रास होतो. मॅट कागद पाहायला सुखाचा. लेप नसलेल्या कागदात शाई मुरते, काळा थोडा मवाळ होतो. काही छायाचित्रकारांना तेच हवं असतं.

बांधणीही बघा. पुस्तकाच्या कण्याचं वरचं टोक पाहिलं तर दुमडलेले फर्मे (एकत्र घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) दिसतात की सुटी पानं नुसती गोंदानं चिकटवलेली आहेत ते कळतं. शिवलेलं पुस्तक सपाट उघडतं. चिकटवलेलं जड पुस्तक काही वर्षांत पानं सोडू लागतं. आणि मोठं चित्र दोन पानांवर पसरलेलं असेल तर त्याचा महत्त्वाचा भाग मधल्या घडीत गडप झालाय का ते बघा. सुंदर चेहरा नेमका नाकावर दुभंगलेला पाहिला की मांडणीकाराला जाब विचारावासा वाटतो.

चित्रकलेच्या पुस्तकांसाठी एक जोडसूचना

रंगचित्राचे रंग कोणत्याही पुस्तकात शंभर टक्के खरे नसतात. म्हणून एकच चित्र तीन पुस्तकांत काढा आणि संग्रहालयाच्या संकेतस्थळावरच्या प्रतिमेशी ताडून पाहा. कोणत्या प्रकाशकाचा हात पिवळ्याकडे झुकतो, कोण रंग भडक करतो, हे चार-पाच तुलनांतच ध्यानात येतं. चित्राखाली मूळ मोजमाप दिलेलं हवं, आणि चित्राचा एखादाच भाग छापला असेल तर तसं लिहिलेलं हवं. तळहाताएवढं लघुचित्र आणि भिंतभर कॅनव्हास पानावर सारख्याच आकाराचे दिसतात, त्यामुळे मोजमाप वाचायची सवय लावून घ्या.

विसाव्या शतकाच्या मधल्या काळातल्या काही ग्रंथांत रंगीत चित्रं वेगळी छापून पानावर वरच्या कडेनं चिकटवलेली असतात. आल्बेर स्किरा या स्विस प्रकाशकाची पुस्तकं त्यासाठी प्रसिद्ध आहेत. ती जुनी घेताना चित्रांची यादी काढून एकेक चित्र मोजा. फ्रेम करायला लोक ती अलगद काढून घेतात आणि रिकामं पान वरवर चाळताना लक्षातही येत नाही.

चौथी पायरी: क्रम वाचा

फोटोबुक पहिल्यांदा पाहताना मजकूर वाचू नका. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, उलटसुलट न करता, एका बैठकीत पाहा. दुसऱ्यांदा पाहताना समोरासमोरच्या पानांवर काय ठेवलंय, रिकामं पान कुठे आलंय, कुठली वस्तू किंवा हालचाल पुन्हा पुन्हा येते, याकडे लक्ष द्या. प्रस्तावना तिसऱ्या वेळी.

क्रम आणि मांडणी यांनी किती फरक पडतो याचं ठसठशीत उदाहरण म्हणजे रॉबर्ट फ्रँकचं अमेरिकेवरचं पुस्तक. १९५८ मध्ये पॅरिसला रॉबेर देल्पीरनं ते प्रथम काढलं तेव्हा छायाचित्रांसमोर अमेरिकेविषयीचे निवडक उतारे होते आणि मुखपृष्ठावर सॉल स्टाइनबर्गची रेखाटनं. १९५९ च्या अमेरिकी आवृत्तीत ते उतारे काढून टाकले, जॅक केरुआकची प्रस्तावना आली आणि ८३ छायाचित्रं जवळजवळ मोकळ्या पानांसमोर उभी राहिली. चित्रं तीच. पण पहिलं पुस्तक एका देशाचा अहवाल वाटतं आणि दुसरं एका माणसाची नजर.

पुस्तकाचा घाटही छायाचित्रकार हाताळतात. दयानिता सिंग यांच्या ‘म्युझियम भवन’मध्ये (२०१७) एका पेटीत छोट्या घडीपुस्तिका आहेत. त्या उलगडून टेबलावर उभ्या केल्या की घरातच प्रदर्शन मांडता येतं. उलट टोकाला हेल्मुट न्यूटनचं ‘सुमो’. १९९९ मध्ये ताशेननं काढलेल्या या ग्रंथाचं वजन सुमारे ३० किलो, आकार साधारण ५० बाय ७० सेंटिमीटर, आणि तो ठेवायला फिलिप स्टार्कनं केलेलं खास स्टँड. अशा वस्तू पाहाव्यात जरूर, पण सुरुवातीला त्यांच्या नादी लागू नये. पान उलटायला दोन हात लागणारं पुस्तक कौतुकाचे दिवस सरले की क्वचितच उघडलं जातं.

पाचवी पायरी: जुन्या ग्लॅमरची पुस्तकं, जरा सावकाश

इथं नवखा माणूस सर्वांत जास्त फसतो, कारण चेहरे ओळखीचे असतात आणि चित्रं मोहात पाडणारी. पुस्तक कसंही छापलेलं असलं तरी मार्लेन डीट्रिश किंवा ग्रेटा गार्बो यांच्यासारख्या हॉलिवूडच्या नट्या सुंदरच दिसणार.

आधी ही छायाचित्रं कशी होत ते माहीत हवं. १९२० आणि ३० च्या दशकांत हॉलिवूडच्या प्रत्येक मोठ्या स्टुडिओचा स्वतःचा पोर्ट्रेट विभाग असे. कराराखालच्या नटनट्यांना तिथं बसावंच लागे. आठ बाय दहा इंची निगेटिव्हवर चित्रं काढत आणि प्रती मासिकांना, वर्तमानपत्रांना प्रसिद्धीसाठी वाटत. निगेटिव्ह एवढी मोठी असल्यामुळे तिच्याच आकाराचा प्रिंट काढला तरी पापणीचा केस न्‌ केस दिसे. तोच त्रासही होता, कारण सुरकुती आणि वांगही तितकेच दिसत. वीसच्या दशकात सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग टिपत नसे, त्यामुळे लाल ओठ आणि त्वचेवरचे तांबूस ठिपके काळे उमटत. त्या दशकाच्या अखेरीस पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली आणि त्वचेच्या छटा बदलल्या. एवढं कळलं की १९२५ चा आणि १९३२ चा चेहरा वेगळा का दिसतो ते उमगतं.

उरलेलं काम रिटचिंग करणाऱ्याचं. तो निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं तासन्‌तास काम करी. जॉर्ज हरेलनं तीसच्या दशकाच्या सुरुवातीला काढलेलं जोन क्रॉफर्ड या नटीचं एक छायाचित्र रिटचिंगच्या आधीचं आणि नंतरचं असं जोडीनं काही पुस्तकांत छापलेलं आहे. आधीच्या चित्रात चेहराभर वांगाचे ठिपके, नंतरच्यात संगमरवर. ज्या पुस्तकात अशी जोडी छापलेली असते त्याच्या संपादकावर माझा लगेच विश्वास बसतो.

मग प्रकाश वाचायला शिका. डोळ्यांतल्या बुबुळात दिव्याचं प्रतिबिंब कुठे आहे ते बघा. दिवा कुठे होता हे त्यावरून समजतं. नाकाखाली लहानशी, फुलपाखरासारखी सावली असेल तर मुख्य दिवा समोरून आणि उंचावर होता. गालाखाली सावली पडते, गालफडं उठतात. जोसेफ फॉन स्टर्नबर्गच्या चित्रपटांत डीट्रिशवर हाच प्रकाश असे, आणि स्टुडिओच्या नावावरून त्याला ‘पॅरामाउंट लायटिंग’ हे नाव पडलं. केसांच्या कडा उजळल्या असतील तर मागे आणखी एक दिवा. हरेल आडव्या दांड्यावर टांगलेला दिवा हवा तिथं सरकवत असे, म्हणून त्याच्या चित्रांत सावल्या धाडसी असतात. १९३० ते १९३२ तो एमजीएम या स्टुडिओत होता. त्याच्या आधी, १९२५ ते १९३०, तिथला पोर्ट्रेट स्टुडिओ रूथ हॅरिएट लुईस या तरुण बाई चालवत होत्या. क्लॅरेन्स सिंक्लेअर बुलनं गार्बोला वर्षानुवर्षं टिपलं. तिघांची चित्रं शेजारी ठेवली तर लुईस यांची मवाळ, हरेलची तीक्ष्ण आणि बुलची शांत, असा फरक जाणवतो.

आता पुस्तक निवडायची कसोटी. चित्राखाली कोणाकोणाची नावं आहेत? नुसतं ‘ग्रेटा गार्बो’ लिहिलं असेल तर ते सजावटीचं पुस्तक. नटी, चित्रपट, वर्ष, छायाचित्रकार, स्टुडिओ आणि चित्र कोणत्या संग्रहातून घेतलं, हे सगळं असेल तर ते घ्यायचं पुस्तक. ही नावं सहज मिळालेली नाहीत. चित्रांची मालकी स्टुडिओची, वाटप फुकट, छायाचित्रकाराचं नाव असलंच तर प्रिंटच्या मागच्या शिक्क्यात. पुढे स्टुडिओंनी ही चित्रं अडगळ म्हणून टाकून द्यायला सुरुवात केली तेव्हा जॉन कोबाल या संग्राहकानं ती गोळा केली, हयात असलेल्या छायाचित्रकारांना शोधून काढलं आणि १९८० मध्ये हॉलिवूडच्या पोर्ट्रेट छायाचित्रकारांवर मोठा ग्रंथ काढला. त्या कामामुळे पुढच्या पुस्तकांत नटीबरोबर छायाचित्रकाराचं नावही येऊ लागलं.

चित्राखाली ‘व्हिंटेज प्रिंट’ असं लिहिलं असेल तर तो निगेटिव्हच्याच काळात काढलेला प्रिंट असतो. जुन्या निगेटिव्हवरून दशकांनंतर काढलेले प्रिंट बहुधा जास्त कडक, जास्त काळेपांढरे दिसतात. दोन्ही प्रकार एकाच पुस्तकात न सांगता मिसळलेले असतील तर संपादकानं काम टाळलंय.

फॅशनची छायाचित्रं या दुनियेला लागूनच. ‘व्होग’चं पहिलं रंगीत छायाचित्राचं मुखपृष्ठ जुलै १९३२ मध्ये एडवर्ड स्टायकननं केलं. ‘हार्पर्स बझार’चं रूप १९३४ ते १९५८ या काळात अलेक्सी ब्रोदोविचनं घडवलं. पानावरची मोकळी पांढरी जागा कशी बोलते हे शिकायचं असेल तर त्याची पानं पाहावीत. हॉर्स्टचं १९३९ सालचं पाठमोऱ्या स्त्रीचं कॉर्सेटमधलं (कंबर आवळणाऱ्या घट्ट अंतर्वस्त्रातलं) छायाचित्र तुम्हाला अनेक पुस्तकांत भेटेल. ते भेटलं की कॉर्सेटची कड बघा. मूळ चित्रात ती अंगापासून सुटलेली आहे. मासिकात छापताना रिटचिंगनं ती अंगाला चिकटवली होती. तुमच्या पुस्तकात कोणतं रूप आहे?

पिन-अपच्या, म्हणजे भिंतीवर टाचायच्या मादक स्त्रीचित्रांच्या, पुस्तकांत रंगचित्रं आणि छायाचित्रं दोन्ही येतात. जिल एल्व्हग्रेन आधी मॉडेलचं छायाचित्र काढून त्यावरून रंगवत असे, आणि रंगवताना कंबर बारीक, पाय लांब करत असे. छायाचित्र आणि रंगचित्र जोडीनं छापणारं पुस्तक म्हणूनच जास्त मोलाचं. अल्बर्तो व्हार्गास या पेरूत जन्मलेल्या चित्रकाराची ‘एस्क्वायर’मधली चित्रं ‘व्हार्गा’ या सहीनं आहेत, शेवटचा ‘स’ नसलेल्या. मासिकाशी बिनसल्यावर त्या नावाचा हक्कही त्याच्याकडे राहिला नाही. त्यामुळे सहीवरून चित्राचा काळ ढोबळपणे लावता येतो. बनी येगर आधी मॉडेल, मग छायाचित्रकार. बेटी पेज या मॉडेलची तिनं काढलेली चित्रं प्रसिद्ध आहेत, पण १९६४ मध्ये स्वतःचीच छायाचित्रं कशी काढायची यावर तिनं पुस्तक लिहिलं, ते मला जास्त रंजक वाटतं.

या प्रकारात उघडी शरीरं असणार, हे गृहीत धरून पुस्तक घरात कुठे ठेवायचं ते ठरवा. आणि संपादक त्या बायकांची नावं, त्यांचं पुढचं आयुष्य, त्यांना मिळालेला मोबदला याबद्दल काही लिहितो की नुसतीच शरीरं मांडतो, हेही पाहा. एक गमतीची नोंद: १९३४ पासून हॉलिवूडची नीतिसंहिता कडक झाल्यावर प्रसिद्धीच्या चित्रांनाही कात्री लागली. १९४० मध्ये व्हायटी शेफर या स्टुडिओ छायाचित्रकारानं मनाई असलेल्या दहा गोष्टी एकाच चित्रात कोंबून त्या नियमांची टर उडवली. मेलेला पोलीस, बंदूक, दारू, मांडी, सगळं त्यात आहे. चांगल्या संग्रहात ते चित्र बहुधा असतंच.

सहावी पायरी: आवृत्ती आणि जुनी प्रत

कॉपीराइटचं पान वाचा. अनेक प्रकाशक तिथं आकड्यांची ओळ छापतात. त्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे कितवी छपाई. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) १३ अंकी असेल तर प्रत बहुधा २००७ नंतरची, दहा अंकी असेल तर त्याआधीची, आणि नसेलच तर बहुधा १९७० च्या आधीची. जुन्या पुस्तकाच्या हुबेहूब नव्या आवृत्तीवर बारकोड असतो, विक्रेत्यानं काढलेल्या फोटोत मागचं कव्हर नसेल तर ते मागून घ्या. पहिली आवृत्ती हवीच असा हट्ट वाचकानं धरू नये. कधीकधी नंतरची आवृत्ती नव्यानं स्कॅन केलेली, जास्त चांगली छापलेली असते.

ऑनलाइन जुनी प्रत घेताना विक्रेत्याला विचारायच्या गोष्टी: जॅकेट (कव्हरवरचं सुटं कागदी आवरण) आहे का, फाटलंय का, पानं किंवा चित्रं कापलेली आहेत का, तपकिरी डाग आहेत का, ग्रंथालयाचे शिक्के आहेत का, कणा सैल आहे का, वास येतो का. वासाचा प्रश्न विचारायला लाजू नका. कुबट वास म्हणजे ओल, आणि ओल म्हणजे बुरशी. ती शेजारच्या पुस्तकांतही शिरते. ग्रंथालयाच्या शिक्क्यांमुळे संग्राहक नाक मुरडतात, पण पाहण्यासाठी घ्यायचं असेल तर अशी प्रत उत्तम सौदा ठरते. मात्र शिक्का चित्रावर मारलेला नसावा.

ठेवण आणि नोंदी

मोठी पुस्तकं आडवी ठेवा, एकावर एक तीनपेक्षा जास्त नकोत. उभी ठेवली तर ताठ हवीत. तिरकं झुकलेलं जड पुस्तक स्वतःच्या वजनानं बांधणीतून सुटतं. थेट ऊन नको, बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं कपाट नको. जॅकेटला पॉलिएस्टरचं पारदर्शक आवरण घाला. पीव्हीसी चिकटतं, ते टाळा. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीच लावू नका, काही वर्षांत तिचा पिवळा पट्टा कागदात कायमचा उतरतो. पांढरे हातमोजेही नकोत. सुती मोज्यांत बोटांना पान जाणवत नाही आणि कडा फाटतात. हात धुऊन कोरडे केले की पुरे.

एक वही ठेवा किंवा फाइल करा. पुस्तकाचं नाव, प्रकाशक, वर्ष, कितवी छपाई, कुठून घेतलं, आणि भिंगाखाली काय दिसलं ते एका ओळीत. काही महिन्यांनी या ओळींवरूनच कळू लागतं की कोणत्या प्रकाशकाचं पुस्तक न पाहता मागवायला हरकत नाही.

आणि आर्ट पेपरचं पुस्तक भिजलं तर थांबू नका. या कागदावरचा लेप वाळताना पानं एकमेकांना कायमची चिकटवतो. ताबडतोब प्रत्येक पान अलगद सोडवून मध्ये कोरा शोषक कागद घाला आणि तो ओला झाला की बदलत राहा. ते लगेच जमणार नसेल तर पुस्तक ओलंच प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा. सवड मिळाल्यावर बाहेर काढून तेच काम करता येतं.